एक्सपोर्टचा माल

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘एक्सपोर्ट’ हा शब्द पहिल्यांदा दिसला, तेव्हा शिवानंद कलशेट्टी खुर्चीत सावरून बसले. चार महिने ते त्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरशी झगडत होते. कापायचं कसं, जोडायचं कसं, आवाज कमी-जास्त करायचा कसा, सगळं चाचपडत शिकले होते. आता सव्वीस मिनिटांचा सिनेमा तयार झाला होता. आणि तो बाहेर काढायच्या बटणावर नेमका तोच शब्द होता, ज्याच्यापायी त्यांच्या नोकरीची एकतीस वर्षं गेली होती.

“अगं, इकडं ये. इथंपण एक्सपोर्ट आहे बघ,” त्यांनी बायकोला हाक मारली.

दानेश्वरी ज्वारी निवडत होत्या. ताटावरची नजर न काढता म्हणाल्या, “मग? आता त्याच्यातनं टॉवेल पाठवणार काय?”

सोलापूरकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गावात माल दोनच जातींचा. एक एक्सपोर्टचा, दुसरा लोकल. एक्सपोर्टचा टॉवेल म्हणजे डाग नाही, निघालेला धागा नाही, किनार सरळ, वजन बरोबर. त्यात जरा खोट निघाली की तो सेकंड. सेकंडच्या टॉवेलाच्या लेबलाचा कोपरा कात्रीनं तिरका उडवायचा आणि माल लोकलला टाकायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ही कात्री एकतीस वर्षं कलशेट्टींच्या हातात होती. ते चेकिंगला होते. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावरून तळहात फिरवायचा, उलटा करायचा, पुन्हा फिरवायचा. साडेचारशे जीएसएमचा टॉवेल कुठला आणि चारशे सत्तरचा कुठला, हे त्यांना काट्याशिवाय सांगता यायचं. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन. कारखान्यात नवीन आलेल्याला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे, “हाताला कळतं ते डोळ्याला कळत नाही.”

असं असूनही त्यांच्या स्वतःच्या घरी एक्सपोर्टचा एकही टॉवेल नव्हता. दिवाळीला कामगारांना सेकंड मिळायचे. शेळगीतल्या त्यांच्या घरात, बहिणीच्या घरात, व्याह्यांच्या घरात, सगळीकडे कोपरा उडवलेल्या लेबलाचे टॉवेल. कलशेट्टींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. नियम तो नियम. पण रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी तो शब्द समोर आला, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आयुष्यभर चांगला माल परक्याला गेला. हा एक नग अक्काला जाणार आणि तो एक्सपोर्टचाच जाणार.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, महानंदा. वय एकाहत्तर, राहणार दुधनी. तिचे यजमान गुरुसिद्धप्पा दुधनीच्या मार्केट यार्डात तोलार होते. उभा जन्म त्यांनी तुरीची पोती काट्यावर चढवण्यात घालवला. मागच्या वर्षी ते गेले. पाठोपाठ अक्काच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “गेलेली नजर परत येत नाही, आजी. आहे ती सांभाळायची. पण हळूहळू तीही कमी होणार.”

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून अक्का म्हणाली, “तम्मा, घरात ह्यांचा एकच फोटो हाय. त्यात नुसतं बसलेत. मला एकदा चालताना बघायचं हाय. नजर हाय तवर.”

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. साठी उलटली तरी अक्काच्या तोंडी कलशेट्टी तम्माच होते.

चालणारे दाजी एकाच ठिकाणी उरले होते. अक्काचा मुलगा सोमलिंग याच्या लग्नाची कॅसेट. सन अठ्ठ्याण्णव. तीन तासांच्या त्या कॅसेटीत दाजी मिळून अकरा मिनिटं दिसतात. सात रस्त्याला ऋतुजा माने यांचा स्टुडिओ आहे, तिथं कलशेट्टींनी कॅसेटीची कॉम्प्युटर फाइल करून घेतली. ऋतुजाताईंनी तेव्हाच सांगितलं होतं, “काका, जुनी कॅसेट आहे. चित्र सातशे वीस बाय पाचशे शहात्तर ठिपक्यांचं. याच्यापेक्षा जास्त त्यात नाहीच. उगाच मोठं करायला जाऊ नका.” कलशेट्टींनी “बरं बरं” म्हटलं आणि विसरले. मग त्या अकरा मिनिटांना शेताचं, यार्डाचं, घराचं फोनवर काढलेलं चित्रण जोडलं, आणि सव्वीस मिनिटांचा सिनेमा झाला.

दाजींच्या पहिल्या पुण्यस्मरणाला एकोणीस दिवस राहिले होते. त्या दिवशी अक्काच्या घरी, अक्काच्या टीव्हीवर हा सिनेमा लागायचा होता.

एक्सपोर्टचं बटण दाबल्यावर एक लांबलचक पान उघडलं. कलशेट्टींना त्याची भीती वाटली नाही, उलट बरंच वाटलं. हे तर त्यांचंच काम. त्यांनी नवी वही घेतली, रकाने पाडले. क्रमांक, तारीख, लांबी-रुंदी, वजन, घडी, शेरा. चित्राची लांबी-रुंदी किती ठिपक्यांची, हे तर सरळच होतं. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला चित्रात किती माहिती भरायची. म्हणजे झालं जीएसएम! आणि कोडेक म्हणजे चित्राची घडी घालायची रीत. नव्या रीतीची घडी जास्त घट्ट बसते, पण ती उलगडणाऱ्याला यायला हवी. हे शेवटचं वाक्य त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. ऐकलं आणि सोडून दिलं.

लांबी-रुंदी त्यांनी सगळ्यात मोठी घेतली, फोर के. वजन सगळ्यात जास्त, सेकंदाला शंभर मेगाबिट. घडी सगळ्यात नवी. जिथं ‘कमी’, ‘मध्यम’, ‘उत्तम’ असं होतं तिथं उत्तम. चित्र पडदाभर ताणायचं का, असं विचारलं तिथंही व्हय. रिकामी किनार सोडायला हे काय सेकंड आहे?

सकाळी पूजा आटोपून बटण दाबलं ते संध्याकाळी पाचला काम संपलं. कॉम्प्युटरचा पंखा दिवसभर गिरणीसारखा घुमत होता.

“गहू दळून झाले असते,” दानेश्वरी म्हणाल्या.

फाइल भरली साडेएकोणीस जीबी. जुन्या पेन ड्राइव्हनं ती घेतलीच नाही, म्हणून नवा आणला. वहीत लिहिलं, क्रमांक एक. शेऱ्याच्या रकान्यात: उत्तम.

रविवारी कलशेट्टी एसटीनं दुधनीला पोचले. सोमलिंगनं टीव्ही पुसून ठेवला होता. बत्तीस इंची, सात-आठ वर्षांचा. अक्का खुर्ची पुढं ओढून अगदी समोर बसली. डोक्यावरून पदर, हात मांडीवर, एखाद्या कार्याला बसावं तशी. कलशेट्टींनी पेन ड्राइव्ह लावला.

टीव्हीनं एक ओळ दाखवली. ही फाइल चालत नाही.

काढून लावला. पुन्हा तीच ओळ. टीव्ही बंद करून चालू केला. तीच ओळ.

सोमलिंग हसायला लागला. “मामा, माल एक्सपोर्टचा हाय न्हवं? म्हणूनच गावात चालंना!”

“गप रे,” अक्का म्हणाली. मग कलशेट्टींच्या दिशेनं तोंड करून, पण जरा बाजूलाच बघत, “असू दे, तम्मा. च्या घे. न्हाय तर न्हाय.”

सोमलिंगच्या हसण्याचं कलशेट्टींना काही वाटलं नाही. ‘न्हाय तर न्हाय’ मात्र लागलं. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून गेलेल्या मालाला कुणी ‘असू दे’ म्हटलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. क्रमांक दोन, तीन, चार. ठिपके कमी केले, वजन कमी केलं. प्रत्येक वेळी आकडा खाली आणताना त्यांना मनातून वाटायचं, आपण अक्काला लोकल माल द्यायला निघालोय. एक पायरी उतरायची, थांबायचं, पुन्हा अर्धी पायरी वर चढायची. जुन्या टीव्हींना जुन्या रीतीची घडी उलगडते हे वाचलं, तेव्हा तीही बदलली. क्रमांक नऊ त्यांच्या घरच्या टीव्हीवर लागला. पडदाभर दाजी बघून ते खूश झाले.

पुढच्या रविवारी दानेश्वरीही बरोबर निघाल्या. “तुमी एकटे गेलात की तोंड पाडून येता,” त्या म्हणाल्या.

या वेळी चित्र लागलं. आवाज आला. लग्नाचा मांडव, पंगत, आणि हातात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली घेतलेले दाजी. सोमलिंगनं टाळी वाजवली. अक्का खुर्ची आणखी पुढं ओढून टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली. बघता बघता तिची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरायला लागली. दुकानावरची लांब पाटी वाचावी तशी.

“हे कोण?” तिनं विचारलं.

“दाजी की, अक्का.”

“छे! एवढे जाड कधी होते? हे कुणी सावकार दिसायलेत.” मग जरा वेळानं, “चालायलेत का? मला पाय दिसले की तोंड दिसंना, तोंड दिसलं की पाय दिसंनात. आन हे हातावर कंगव्यागत काय येतंय?”

कलशेट्टींनी निरखून पाहिलं. अक्का खरंच बोलत होती. चौकोनी चित्र लांबट पडद्यावर ताणलं होतं, त्यामुळे सडसडीत दाजी सव्वापटीहून जास्त रुंद झाले होते. डावा खांदा खाली टाकून चालायची त्यांची ती खास ढब, पोती उचलून उचलून झालेली, ती ताणात पार बिघडली होती. हात हलला की कडेला कंगव्याचे दाते उठत होते. घरी हे कसं दिसलं नाही? चित्र मोठं झालं या आनंदात चेकिंगवाला तपासायचंच विसरला होता.

त्यांनी टीव्ही थांबवला. खाली बसले, अक्काच्या गुडघ्याशी.

“अक्का, तुला दिसतं कसं? मला नीट सांग.”

अक्कानं विचार केला. “बांगडीतनं बघावं तसं. मधलं चांगलं दिसतंय की. कडेचं सगळं गेलंय.”

“आणि खुर्ची एवढी पुढं कशाला?”

“दिसंना म्हणून.”

कलशेट्टींनी दानेश्वरींकडे बघितलं. दानेश्वरींनी अक्काच्या शिवणाच्या पेटीतली टेप काढून त्यांच्या हातात दिली. नवऱ्याचं पुढचं पाऊल त्यांना पाठ होतं.

मग अर्धा तास त्या घरात मोजमाप चाललं. अक्काला पाच फुटांवर बसवलं. सोमलिंगनं पडद्यावर डावीकडून बोट सरकवत आणायचं, दिसलं की अक्कानं “हं” म्हणायचं. मग उजवीकडून. दोन्ही “हं”मधलं अंतर भरलं पंधरा इंच. खुर्ची मागं घेऊन सात फुटांवर ठेवली. आता एकवीस इंच.

“अगं, तू जेवढी पुढं जातेस तेवढं तुला कमी दिसतंय!”

“वर्षभर मी उलटंच करायले म्हणा की,” अक्का म्हणाली आणि स्वतःच हसली. “कुणी सांगितलंच न्हाय, यप्पा.”

परतीच्या एसटीत दानेश्वरी त्यांची वही चाळत होत्या. नऊ नोंदी, स्वच्छ अक्षरात. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

“ह्याच्यात पार्टीचा रकाना कुठाय?”

“काय?”

“कारखान्याच्या वहीत पहिला रकाना पार्टीचा असायचा की. माल कुणाचा, त्यांनी काय मागितलंय. तुमी घरी आणायचा ती वही, मीच तर कव्हर घालून द्यायची.” त्यांनी वही पुढं धरली. “ह्यात लांबी हाय, रुंदी हाय, वजन हाय. कुणासाठी, ते कुठाय?”

कलशेट्टींनी वही हातात घेतली. रकाने त्यांनीच पाडले होते, स्वतःच्या हातानं, पट्टी लावून. पार्टीचा रकाना खरंच नव्हता.

मग त्यांना ती गोष्ट आठवली, जी ते नवीन कामगारांना नेहमी सांगायचे आणि आता स्वतःच विसरले होते. फार वर्षांपूर्वी परदेशातल्या एका हॉटेलवाल्यानं साडेचारशेचा माल मागितला होता. शिफ्टच्या माणसाला वाटलं, गिऱ्हाईक मोठं आहे, जरा चांगलं देऊ. त्यानं सव्वापाचशेचा माल काढला. अख्खा कंटेनर परत आला. टॉवेल जड, त्यांच्या यंत्रात वाळेनात, त्यांच्या फळीत मावेनात. मालक सगळ्यांना उभं करून म्हणाले होते, “एक्सपोर्टचा माल म्हणजे भारी माल नव्हे. एक्सपोर्टचा माल म्हणजे पार्टीनं मागितला तो माल.” त्या दिवशी तो परत आलेला माल कलशेट्टींनीच तपासला होता. एका टॉवेलातही खोट नव्हती. आणि सगळ्याच्या सगळ्या मालाच्या लेबलांचे कोपरे त्यांनाच कापावे लागले होते.

“पार्टीनं काय मागितलं होतं?” दानेश्वरींनी विचारलं.

“चालताना बघायचंय म्हणाली होती.”

“एवढंच ना?”

“एवढंच.”

एसटी अक्कलकोट सोडून पुढं आली होती. कलशेट्टींनी खिशातून पेन काढलं. गाडीच्या धक्क्यांनी अक्षर हललं, पण त्यांनी समासात एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, पार्टी. त्याखाली: महानंदा गुरुसिद्धप्पा, दुधनी. टीव्ही बत्तीस इंची, जुना. बैठक सात फूट. नजर एकवीस इंच, मधोमध. मागणी: चालताना.

सोमवारी सकाळी दहाला ते सात रस्त्याला ऋतुजाताईंच्या स्टुडिओत हजर. ताई कुलूपच उघडत होत्या.

“ताई, तुम्ही सांगितलं होतं ते मी ऐकलं नाही. आता ऐकायला आलोय.”

“काका, आधी शटर तर वर करू द्या!”

मग त्यांनी बसून समजावलं. कॅसेटीतलं चित्र मोठं करता येतं, पण ठिपके वाढतात ते कॉम्प्युटरनं अंदाजानं भरलेले. नवं काही दिसत नाही, नुसतं फुगतं.

“म्हणजे खळ लावल्यासारखं,” कलशेट्टी म्हणाले.

“म्हणजे?”

“हलक्या टॉवेलाला खळ पाजून वजन वाढवतात काही जण. हाताला भारी लागतो. पहिल्या धुण्याला सगळं पाण्यात.”

“अगदी तेच! हे मी आता सगळ्यांना सांगणार,” ऋतुजाताई म्हणाल्या. “आणि ते कंगव्याचे दाते येतात ना, त्याचं असं आहे. जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र दोन तुकड्यांत यायचं. एकाआड एक ओळी. आधी एक, तीन, पाच, मग दोन, चार, सहा. मधल्या क्षणात हात हलला की ओळी जुळत नाहीत.”

“एकाआड एक धागा. उभारात, म्हणजे उभ्या धाग्यांत, गडबड.”

“तुम्हाला शिकवायला सोपं आहे, काका. त्या ओळी सोडवायची एक खूण असते, ती लावा. मूळचा आकार तसाच ठेवा, चौकोनी. सेकंदाला पंचवीसच चित्रं, कॅसेटीत तेवढीच आहेत. घडी जुनी. वजन सेकंदाला सहा मेगाबिट पुष्कळ झालं.”

“सहा?” कलशेट्टींच्या तोंडून गेलं. शंभरावरून सहा! मग त्यांनी वहीतला पहिला रकाना पाहिला आणि सहा लिहिलं.

पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. फोनवर काढलेलं शेताचं चित्रण लांबट होतं, ते दोन्ही बाजूंनी कापून चौकोनी केलं, म्हणजे अक्काला मान फिरवायला लागू नये. दाजी अकरा मिनिटांत सात वेळा चालतात. त्यातलं एक चालणं अंधारलेलं होतं, ते थोडं उजळलं. घरच्या टीव्हीसमोर सात फूट मोजून खुर्ची ठेवली आणि पुठ्ठ्याची नळी करून एका डोळ्यानं सगळी सव्वीस मिनिटं पाहिली. क्रमांक दहामध्ये वरची पट्टी कापली गेली, रद्द. अकरात आवाज मागं पडला, रद्द. बारामध्ये दाजींचे पाय एका ठिकाणी चौकटीबाहेर जात होते, रद्द. दानेश्वरी म्हणाल्या, “अहो, दोन सेकंदांचं तर हाय.” कलशेट्टी म्हणाले, “ते चालायलेत तिथं.” तेरामध्ये त्यांना काही सापडलं नाही. म्हणून त्यांनी ते एक दिवस तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. ही त्यांची जुनी रीत. मग एका जागी आवाज चढा वाटला, तो उतरवून चौदावा काढला.

चौदाव्याला एक्सपोर्ट व्हायला अकरा मिनिटं लागली. फाइल भरली सव्वा जीबीच्या आत. जुन्या पेन ड्राइव्हवर आरामात बसली. शेऱ्याचा रकाना कलशेट्टींनी रिकामाच सोडला.

“उत्तम लिहा की,” दानेश्वरी म्हणाल्या.

“तो माझा रकाना नाही.”

पुण्यस्मरणाच्या दिवशी दुधनीच्या घरात माणसं मावत नव्हती. स्वामी आले, पूजा झाली, हुग्गी आणि कडक भाकरीचं जेवण झालं. यार्डातले जुने तोलार आले होते, ते दाजींच्या गोष्टी सांगत होते. दुपारचे दोन वाजले तेव्हा सोमलिंगनं खिडकीला चादर लावली आणि मामांकडे बघितलं.

कलशेट्टींनी आधी टेप काढली. सात फूट मोजले, फरशीवर खडूनं रेघ मारली, रेघेवर खुर्चीचे पुढचे पाय आणले. यार्डातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “हा बी तोलारच दिसतोय.” मग अक्काला हाताला धरून बसवलं. ती सवयीनं खुर्ची पुढं ओढायला लागली.

“अक्का, बेडा,” कलशेट्टी म्हणाले. नको. “रेघ सोडायची नाही.”

चित्र लागलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मध्ये चौकोनात लग्नाचा मांडव. मागून कुणीतरी म्हणालं, “टीव्ही बारीक झालाय का?” सोमलिंगनं त्याला गप्प केलं.

दाजी चौकटीत आले. सडसडीत. हातात बादली, खांद्यावर टॉवेल. पंगतीतून वाट काढत डावा खांदा खाली टाकून ते कॅमेऱ्याकडे चालत आले, जवळ येऊन डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, “लाइट बाजूला घे की बाबा, माणसं जेवायलेत.” मग वळले आणि पाठमोरे चालत गेले, मांडवाच्या टोकापर्यंत.

अक्काची मान हलली नाही. एकदाही नाही. हात मांडीवरून उठून पदराशी गेला आणि तिथंच राहिला. कलशेट्टी टीव्हीकडे बघतच नव्हते. ते बहिणीची मान तपासत होते.

“तेच हायत,” अक्का म्हणाली. अगदी हळू. जरा वेळानं, “तम्मा, टॉवेल तुझ्या कारखान्याचा की. लेबलाचा कोपरा कापलेला दिसतोय बघ.”

ती चौकट कलशेट्टींनी शंभर वेळा तपासली होती. तिच्यातला टॉवेल असेल साठ-सत्तर ठिपक्यांचा. लेबलाच्या वाट्याला त्यातला एखादा. कापलेला कोपरा त्या चित्रात नव्हता. कॅसेटीत नव्हता, चौदाव्यात नव्हता, शंभर मेगाबिटात काढला असता तरी आला नसता.

“दिसतोय की, अक्का,” ते म्हणाले.

सिनेमा संपला. कुणी उठलं नाही. अक्का म्हणाली, “परत लाव.”

सोमलिंगनं परत लावला आणि मामांच्या कानाशी येऊन विचारलं, “काय मामा, माल पास का रिजेक्ट?”

“पार्टीला विचार.”

सोमलिंग आईकडे वाकला. “आई, मामा विचारायलेत—”

“गप बसा की रे,” अक्का म्हणाली. डोळे पडद्यावर, हात वर केलेला. “ते बोलायलेत.”